हॉट योगा पहिल्यांदाच करताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची नागपूरच्या महाल भागातली. गेली एकवीस वर्षं टोरांटोजवळ राहते. सहा हिवाळे झाले, आठवड्यातून दोनदा तापवलेल्या खोलीत जाऊन आसनं करते. दर वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कोणी ना कोणी मला कोपऱ्यात गाठतं आणि तेच प्रश्न विचारतं. हातात तिळगूळ धरून घामाबद्दल बोलणं बरं दिसत नाही, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही, योगशिक्षिकाही नाही. मागच्या रांगेत, दाराजवळ मॅट टाकणारी बाई आहे. (दाराजवळ का, ते पुढे येईलच.)

हॉट योगा म्हणजे नेमकं काय?

खोली मुद्दाम तापवून तिथे आसनं करायची, एवढंच. पण एकाच पाटीखाली बरेच प्रकार खपवले जातात. सगळ्यात जुना आणि कडक प्रकार म्हणजे बिक्रम चौधरी या योगशिक्षकाच्या पद्धतीचा, म्हणजे ‘बिक्रम’: ९० मिनिटं, श्वसनाचे दोन प्रकार धरून २६ आसनं, तापमान साधारण ४०.५ अंश सेल्सिअस आणि हवेतली आर्द्रता ४० टक्के. क्रम ठरलेला. उभ्याने दीर्घ श्वसन, मग अर्धचंद्रासन, उत्कटासन, गरुडासन असं करत शेवटी वज्रासनात कपालभाती. बहुतेक आसनं दोनदा होतात. या क्रमात सूर्यनमस्कार नाहीत, शीर्षासन नाही, सर्वांगासनही नाही. शाळेत पीटीच्या तासाला शिकलेलं फारसं कामाला येत नाही.

दुसरा प्रकार हॉट विन्यासाचा. त्यात तापमान थोडं कमी, पण आसनं भराभर बदलतात, त्यामुळे दमछाक तितकीच. तिसरा ‘वॉर्म’ वर्ग, तिशीच्या आसपासचा; आपल्याकडच्या साध्या उन्हाळी सकाळीसारखा. काही ठिकाणी हवा न तापवता छतावरचे इन्फ्रारेड पॅनल थेट अंग तापवतात. तिथली हवा कोरडी वाटते.

फोन करून तीन गोष्टी विचारा: तापमान किती, आर्द्रता किती, वर्ग किती मिनिटांचा. ‘आमच्याकडे छान गरम असतं’ असं उत्तर मिळालं तर दुसरीकडे फोन करा.

मी विदर्भातली आहे. पंचेचाळीस अंश पाहिलेत. मला काय होणार?

मीही हेच म्हणाले होते. लहानपणी मे महिन्यात खिशात कांदा घालून मावशीकडे पायी गेलेली मुलगी मी, मला चाळीस अंशांची काय भीती घालता? पाचव्या आसनाला, म्हणजे एका पायावर उभं राहून दुसरा पाय दोन्ही हातांनी पुढे धरायचा त्या दंडायमान जानुशीर्षासनाला, डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी बसले. शिक्षिका गोड आवाजात म्हणाली, ‘खोलीतच राहा, बाहेर जाऊ नका.’ मी आज्ञाधारकपणे राहिले. दहा मिनिटांनी पोटात ढवळून आलं तेव्हा उठले, भिंतीला धरत दार गाठलं आणि बाहेरच्या बोळात सरळ फरशीला गाल लावून आडवी झाले. ती गार फरशी मी जन्मात विसरणार नाही. समोर चपलांचा रॅक होता. त्यातले बर्फाचे बूट मोजत पडले होते. बावीस जोड.

चूक कुठे झाली ते मला नंतर कूलरवरून कळलं. नागपुरात कूलर कसा झकास चालतो! खसच्या ताट्यांवर पाणी पडतं, कोरडी हवा ते शोषून घेते आणि खोली गार होते. तोच कूलर मुंबईत नेऊन ठेवा, नुसता चिकचिकाट. हवेतच ओल असते, ताट्यांवरचं पाणी उडतच नाही. आपलं अंग म्हणजे असाच एक कूलर. घाम येण्याने अंग गार होत नाही, घाम उडून जाण्याने होतं. बिक्रमच्या खोलीत तापमान नागपूरच्या एप्रिलचं आणि हवेतला ओलावा जवळजवळ मुंबईच्या मे महिन्यातला. त्यात पंचवीस-तीस माणसं घाम गाळत असतात, म्हणजे ओल आणखी वाढते. घाम नुसता मॅटवर टपकतो. टपकलेल्या घामाचा शरीराला काडीचा उपयोग नाही. मीठ-पाणी गेलं आणि गारवा मिळाला नाही, असा दुहेरी तोटा.

शिवाय उन्हाची सवय ही पेन्शनसारखी जन्मभर मिळत नाही. गार हवेत काही आठवडे राहिलं की ती उतरते. मी तर तेव्हा पंधरा वर्षं बर्फात होते.

मग सवय व्हायला किती दिवस लागतात?

उष्णतेत रोज किंवा एकाआड एक दिवस थोडा व्यायाम केला तर साधारण एक ते दोन आठवड्यांत शरीर जुळवून घेतं. रक्तातला द्रवभाग वाढतो, घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. आठवड्यातून एकदाच जाणाऱ्याला ही सवय धड लागत नाही. म्हणून पहिले चार-पाच वर्ग प्रत्येक वेळी पहिलाच असल्यासारखे धरा.

इथे एक मेख आहे. बऱ्याच स्टुडिओंत नवीन माणसाला पहिल्या आठवड्यासाठी किंवा महिन्यासाठी स्वस्तात ‘हवे तितके वर्ग’ अशी सवलत असते. आपण मराठी माणसं! पैसे भरलेत ना, मग वसूल करायचे, म्हणून रोज जातो. चौथ्या दिवशी पाय शिशासारखे जड, डोकं ठणकतंय, लघवी गडद पिवळी. एकाआड एक दिवस जा. बाकीचे पैसे बुडाले असं समजा.

पहिल्या दिवशी नक्की काय करायचं?

पंधरा-वीस मिनिटं आधी पोचा आणि वर्ग सुरू व्हायच्या आधी खोलीत जाऊन नुसतं बसा. दार उघडताच तोंडावर वाफ येते, भाताच्या कुकरचं झाकण काढल्यासारखी. दोन-तीन मिनिटं छाती भरल्यासारखी वाटते, मग श्वास रुळतो. नाहीच रुळला तर त्या दिवशी घरी जा.

मॅट दाराजवळ आणि मागे टाका. हीटरची हवा सोडणारी तोंडं कुठे आहेत ते पाहून त्यांच्याखालची जागा टाळा. जमिनीलगत आणि दाराजवळ कमी उकडतं. पुढे आरसा असतो, नवीन माणसाला तिथे जायचा मोह होतो. जाऊ नका. मागे राहिलात तर कोणाचं पाहून करायचं ते कळतं, आणि बसलात तरी कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

शिक्षकाला आधीच सांगा: पहिली वेळ आहे, अमुक त्रास आहे, गरज पडली तर मी बाहेर जाईन. ‘जाईन’ म्हणा. ‘जाऊ का?’ असं विचारू नका.

आसनांचं म्हणाल तर निम्मी केलीत तरी पुष्कळ. प्रत्येक आसन दोनदा असेल तर एकदा करा, दुसऱ्या खेपेला उभं राहा किंवा बसा. श्वास तोंडाने घ्यावासा वाटला की थांबायची वेळ झाली असं मी समजते. घड्याळ किंवा पुढची बाई, दोन्हींकडे पाहून काही साधत नाही.

चक्कर का येते? आली तर काय करू?

अंग गार करायला शरीर कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुगवतं आणि रक्त तिकडे वळवतं. घामाने रक्तातलं पाणी कमी झालेलं असतंच. त्यात वाकून झटकन वर उठलात की डोक्याकडचं रक्त क्षणभर कमी पडतं आणि अंधारी येते. उष्ट्रासनानंतर तर जुन्या लोकांनाही गरगरतं. उठताना हळू, डोकं सगळ्यात शेवटी वर.

अंधारी आली तर उभं राहायचा हट्ट न धरता खाली बसा, मग आडवं व्हा आणि पाय थोडे वर घ्या. दोन-तीन मिनिटांत बरं वाटलं नाही, मळमळायला लागलं, डोकं ठणकायला लागलं, पायात गोळे आले किंवा अंगावर काटा येऊन थंडी वाजायला लागली, तर खोलीबाहेर जा. ही ऊन लागल्याची लक्षणं आहेत. गरम खोलीत थंडी वाजणं हे सगळ्यात फसवं. लोकांना वाटतं, आता बरं वाटतंय.

माणूस असंबद्ध बोलायला लागला, अडखळायला लागला, कुठे आहे ते त्याला कळेना किंवा तो बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजायचा. शरीराच्या आतलं तापमान चाळीसच्या वर गेलेलं असू शकतं. मदतीची वाट पाहत बसू नका. एकाने रुग्णवाहिकेला फोन करावा (इथे ९११, महाराष्ट्रात १०८) आणि बाकीच्यांनी त्याला गार जागी नेऊन अंगावर थंड पाणी ओतावं, वारा घालावा. बर्फ असेल तर मान, काखा आणि जांघेत ठेवावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

हे मी घाबरवायला सांगत नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस इथल्या संशोधकांनी बिक्रम वर्गातल्या वीस जणांना तापमान मोजणारी गोळी गिळायला दिली होती. पुरुषांचं कमाल तापमान सरासरीने ३९.६ अंशांच्या आसपास गेलं, एकाचं तर चाळीसच्या वर. ही सगळी धडधाकट, सरावातली माणसं होती आणि कोणालाही ऊन लागल्याची लक्षणं जाणवली नव्हती. आपल्याला बरं वाटतंय, एवढ्यावर विसंबू नये, असा त्याचा अर्थ मी काढते.

शिक्षक बाहेर जाऊ देत नाहीत, असं ऐकलंय. खरं का?

काही ठिकाणी ‘खोली सोडू नका’ असा आग्रह असतो. त्यामागे थोडं कारणही आहे: चक्कर आलेला माणूस एकटा बाहेर गेला आणि बोळात पडला तर कोणाला कळत नाही. पण त्यावर उपाय म्हणजे सोबत कोणी तरी पाठवणं. माणसाला भट्टीत बसवून ठेवणं नव्हे. पैसे तुम्ही दिलेत, अंग तुमचं आहे. दार ढकला आणि जा. हे मी फरशीवर पडून शिकले, तुम्ही उभ्या उभ्या शिका.

पाणी किती प्यायचं? वर्गात घटाघटा प्यायलं तर चालेल का?

दोन तास आधी दोन पेले पाणी, वर्गात घोट घोट, नंतर हळूहळू. घटाघटा प्यायलात तर पुढच्या भुजंगासनात ते पोटात डुचमळतं.

स्वतःचा घाम मोजायचा सोपा उपाय: वर्गाआधी आणि नंतर, कोरड्या अंगाने, वजन करा. जितके किलो कमी भरले तितके लिटर पाणी गेलं. माझं एका वर्गात पाऊण ते एक किलो उतरतं. माझ्या नवऱ्याचं एकदाच मोजलं, दीड किलोच्या वर होतं. त्यानंतर तो आला नाही.

नुसतं साधं पाणी लिटरवारी पिणंही बरं नाही. घामावाटे मीठ गेलेलं असतं, वर पाणी ओतत राहिलं की रक्तातलं सोडियम आणखी पातळ होतं. डोकेदुखी, मळमळ, क्वचित त्याहून वाईट. इथल्या दुकानातली निळीजांभळी पेयं मला आवडत नाहीत. लिटरभर पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, वर लिंबू पिळायचं, झालं. मीठ-जिरं घातलेलं ताक त्याहून उत्तम. रक्तदाबासाठी मीठ कमी सांगितलेलं असेल तर मात्र हे डॉक्टरांना विचारूनच.

खाऊन जायचं की उपाशी?

जेवण आणि वर्ग यांत अडीच-तीन तास ठेवा. आदल्या वेळी वरणभात, दहीभात असं हलकं. फार भूक असेल तर तासभर आधी एक केळं.

उपास असेल त्या दिवशी जाऊ नका. चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी खाऊन गेलेल्या एका मैत्रिणीला त्रिकोणासनात खिचडीने आपली आठवण करून दिली. निर्जळा असेल तर विषयच संपला. मद्य आदल्या रात्रीपासून बंद.

काय घालायचं? तिथे सगळे अर्ध्या कपड्यांत असतात म्हणे.

असतात. पुरुष नुसत्या चड्डीत, बायका तोकड्या टॉपमध्ये. पहिल्या दिवशी मी कुठे पाहावं ते न कळून छताकडे पाहत होते. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की तिथे कोणी कोणाला पाहत नाही, सगळे आपापल्या जिवाशी झुंजत असतात.

तरी तुम्हाला लाज वाटत असेल तर पोटरीपर्यंतची पातळ लेगिंग आणि बिनबाह्यांचा टॉप पुरे. सुती सलवार-कुडता नको: तो घाम पितो, ओलाचिंब होऊन जड होतो आणि पायाला गुंडाळतो. चटकन वाळणारं व्यायामाचं कापड घ्या.

अंगठ्या, बांगड्या, जाड चेन घरी ठेवा. उष्णतेने बोटं फुगतात आणि धातू तापतो. केसांना तेल लावून जाऊ नका. मी एकदा शनिवारी न्हाण्याआधी वर्ग उरकू म्हणून तेल चोपडून गेले होते. वीस मिनिटांत ते घामाबरोबर डोळ्यांत उतरलं आणि उरलेला वर्ग मी डोळे मिटून केला. हळदीकुंकवाहून थेट वर्गाला जाणार असाल तर टिकली काढून जा. माझी एकदा पुढच्या माणसाच्या टाचेला चिकटून गेली.

मॅटवर अंथरायला अंगाएवढा टॉवेल हवाच, नाही तर पाय घसरतो. तोंड पुसायला दुसरा पंचा न्या.

गरमीत अंग जास्त वाकतं. चांगलंच ना?

हा माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि हा कोणी विचारत नाही.

वाकतं, खरंच वाकतं. घरी गुडघ्यापर्यंत पोचणारे हात तिथे घोट्यापर्यंत जातात. माणूस खूश होतो आणि आणखी थोडं ताणतो. पण स्नायू तापून सैल झाला म्हणून सांध्याला धरणारे अस्थिबंध एका दिवसात बदलत नाहीत. एरवी ‘बास’ म्हणणारी वेदना तिथे उशिरा आणि हळू आवाजात बोलते. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ती मोठ्याने बोलते, बहुतेक वेळा मांडीच्या मागे, बसतो तिथल्या हाडाशी. माझ्या वर्गातले निम्मे जुने लोक एका बाजूला कलून बसतात, त्याचं कारण हेच.

माझा नियम: घरी थंड अंगाने जिथपर्यंत जातं, तिथपर्यंतच तिथेही जायचं. फार तर चार बोटं पुढे. गुडघ्याचंही तसंच. बिक्रम वर्गात ‘गुडघा लॉक करा’ अशी सूचना सारखी कानावर पडते. ज्यांचे गुडघे मुळात मागे वाकतात त्यांनी ती पाळली तर सांध्यावर भार येतो. मांडी आवळा, गुडघा मागे ढकलू नका.

पुण्यात अय्यंगारांच्या संस्थेत (१९७५ साली सुरू झालेली) ज्या गोष्टीसाठी दोर, पट्टे, लाकडी ठोकळे आणि खुर्च्या वापरतात, तीच गोष्ट इथे हीटरकडून करून घेतात. फरक असा की ठोकळा तुम्हाला जिथे आहात तिथे टेकू देतो, आणि हीटर, तुम्ही नाही आहात तिथे पोचल्यासारखं वाटायला लावतो.

वजन उतरतं का?

काट्यावर त्या दिवशी उतरतं. ते पाणी आहे, रात्रीच्या जेवणापर्यंत परत येतं.

उष्मांकांचे आकडे जाहिरातींत हजाराच्या घरात असतात. कोलोराडो स्टेट विद्यापीठात प्रत्यक्ष मोजले तेव्हा ९० मिनिटांच्या वर्गात पुरुषांचे सरासरी ४६० आणि बायकांचे ३३० भरले, म्हणजे झपझप चालण्याइतके. हृदयाची धडधड वाढते ती बरीचशी अंग गार करण्याच्या धडपडीने. तिला व्यायाम समजू नका.

घामावाटे शरीरातली विषारी द्रव्यं निघून जातात ना?

नाही. घाम म्हणजे बहुतांश पाणी आणि मीठ. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, आणि पाणी कमी पडलं की मूत्रपिंडांचं काम उलट अवघड होतं. वर्गानंतर हलकं वाटतं, ते मात्र खरं. मलाही वाटतं. म्हणून तर जाते.

मग उष्णतेचा काही फायदा आहे की नाही?

टेक्सास स्टेट विद्यापीठातल्या २०१८ च्या एका अभ्यासात, व्यायामाची सवय नसलेल्या मध्यमवयीन लोकांना बारा आठवडे तीच २६ आसनं करायला दिली. एका गटाला ४०.५ अंशांत, दुसऱ्याला २३ अंशांत. रक्तवाहिन्यांच्या लवचीकतेत सुधारणा दोन्ही गटांत झाली. म्हणजे ती करामत आसनांची होती, त्यासाठी खोली तापवायची गरज पडली नाही.

मग मी का जाते? बाहेर उणे पंधरा असताना, पाच वाजता अंधार पडत असताना, दीड तास ऊब मिळते म्हणून. जानेवारीत मला योगापेक्षा नागपूरची आठवण येते, हे कबूल करते.

कोणी मुळीच जाऊ नये?

गरोदर बायकांनी. विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत आईच्या शरीराचं तापमान फार वाढणं बाळाच्या मज्जारज्जूच्या वाढीला घातक ठरू शकतं. ‘मी आधीपासून करते’ हे कारण इथे चालत नाही. साधे प्रसूतीपूर्व योगाचे वर्ग असतात, तिकडे जा.

हृदयविकार, ताब्यात नसलेला रक्तदाब (जास्त किंवा कमी), मूत्रपिंडाचा आजार, पूर्वी ऊन लागून दवाखान्यात जावं लागलेलं, मल्टिपल स्क्लेरोसिस (मज्जासंस्थेचा आजार, त्यात उष्णतेने लक्षणं वाढतात), थायरॉईड वाढलेला असणं: या सगळ्यांनी टाळावं. ताप, जुलाब असताना तर कोणीच जाऊ नये.

औषधांची गोष्ट लोक विसरतात. लघवी जास्त करवणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या, सर्दीच्या ॲलर्जीवरच्या काही गोळ्या, मनोविकारांवरची काही औषधं यांनी घाम किंवा रक्तदाब यांचं गणित बदलतं. लिथियम घेणाऱ्यांच्या शरीरातलं पाणी कमी झालं की औषधाची रक्तातली पातळी चढते. मधुमेहात इन्सुलिन उष्णतेत लवकर शोषलं जातं, साखर अचानक उतरू शकते. इन्सुलिनचं पेन त्या खोलीत नेऊन ठेवू नका, तेही खराब होतं.

डॉक्टरांना विचारताना ‘योगा करू का?’ असं विचारू नका. ‘हो हो, करा की’ असंच उत्तर येणार. ‘चाळीस अंशांच्या दमट खोलीत दीड तास व्यायाम करू का?’ असं विचारा. त्यांच्या भुवया कुठवर जातात ते पाहा.

पाळीच्या दिवसांत?

जमत असेल तर हरकत नाही. रक्तस्राव जास्त असेल किंवा हिमोग्लोबिन कमी असेल तर चक्कर लवकर येते. त्या दिवसांत मी जात नाही.

आई पासष्टची आहे. तिला नेऊ का?

वयाबरोबर तहान कमी लागते आणि घामाची यंत्रणाही मंदावते. मी माझ्या सासूबाईंना वॉर्म वर्गाला नेलं होतं. त्या अर्धा तास सुखासनात बसून राहिल्या आणि म्हणाल्या, ‘हे बरंय, सांधे छान शेकले.’ तेवढंच करायचं असेल तर न्या.

भारतात आहे. घरीच खोली तापवून करता येईल का?

पुण्या-मुंबईत असे स्टुडिओ आहेत, पण तुमच्याकडे मार्च ते जून निसर्ग फुकटात देतो त्याला आणखी विकत घ्यायची हौस कशाला? आणि निसर्गाची ती खोली थर्मोस्टॅटवर चालत नाही. मे महिन्यात दुपारी गच्चीवर ‘हॉट योगा’ करणारे व्हिडिओ पाहून तसलं काही करू नका. पहाटे, पंख्याखाली करा.

हिवाळ्यात घरी करायचाच असेल तर विजेचा हीटर, खिडकी थोडी उघडी आणि घरात दुसरं माणूस. कोळशाची शेगडी पेटवून खोली बंद करणं किंवा गॅस गिझर सोडून बाथरूमच्या वाफेत बसणं हे साफ नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. चक्कर आसनाने आली की वायूने, हे कळेपर्यंत उशीर होतो.

हा खरा योग आहे का?

माझे नागपूरचे काका, रोज पहाटे तळ्याकाठी आसनं करणारे, याला ‘इडलीयोग’ म्हणतात.

जुन्या ग्रंथांत घामाचा उल्लेख आहे, पण वेगळ्या संदर्भात. हठयोगप्रदीपिकेत प्राणायामाच्या श्रमाने आलेला घाम अंगावरच चोळावा, त्याने शरीराला दृढता आणि हलकेपणा येतो, असं सांगितलं आहे. तो आतून आलेला घाम. बाहेरून शेकण्याबद्दल त्याच ग्रंथाचं म्हणणं उलट आहे: साधनेच्या सुरुवातीला अग्निसेवन टाळावं, उपवास आणि शरीराला क्लेश देणारे प्रकारही टाळावेत. घेरंडसंहिता तर म्हणते, योगाला आरंभ वसंतात किंवा शरदात करावा. ग्रीष्मात, वर्षात, हेमंतात आणि शिशिरात सुरू केलेला योग रोग आणतो. नवशिक्याने समशीतोष्ण हवेत शिकावं, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलंय. म्हणून माझाही सल्ला असा की आधी दोन-तीन महिने साध्या खोलीत आसनं शिका, मग तापलेल्या खोलीत जा. दोन्ही एकदम शिकायला गेलात तर एकही धड होत नाही.

बिक्रम कोण? त्यांच्याबद्दल वाईटसाईट ऐकलंय.

बिक्रम चौधरी मूळचे कोलकात्याचे, बिष्णुचरण घोष यांचे शिष्य. घोष हे परमहंस योगानंदांचे धाकटे भाऊ, शरीरसौष्ठव आणि योग यांची सांगड घालणारे. चौधरी १९७० च्या दशकात अमेरिकेत गेले आणि लॉस एंजेलिस परिसरात त्यांनी या पद्धतीचं मोठं साम्राज्य उभं केलं. २६ आसनांच्या क्रमावर त्यांनी मालकी सांगितली. आपली आसनं कोणी स्वतःच्या नावावर करतो म्हटल्यावर भारत सरकारच्या पारंपरिक ज्ञान डिजिटल ग्रंथालयात योगासनांची नोंद करण्याचं काम झालं, आणि २०१५ मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयानेही सांगितलं की आसनांच्या क्रमावर कॉपीराइट मिळत नाही.

वाईटसाईट ऐकलंत तेही खरं. अनेक शिष्यांनी त्यांच्यावर लैंगिक अत्याचाराचे आरोप केले. त्यांनी ते नाकारले. २०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्युरीने, त्यांच्याकडे काम केलेल्या कायदा सल्लागार महिलेचा छळ केल्याबद्दल आणि तिला अन्यायाने काढून टाकल्याबद्दल सत्तर लाख डॉलरहून अधिक भरपाई द्यायला सांगितली. पुढच्या वर्षी त्यांच्या अटकेचं वॉरंटही निघालं. त्यानंतर पुष्कळ स्टुडिओंनी पाटीवरचं नाव उतरवून ‘हॉट २६’ असं काही तरी लावलं. आसनं तीच राहिली. त्यांचा त्यात काय दोष?

वर्गानंतर लगेच थंडीत बाहेर पडलं तर चालतं का?

शवासन चुकवू नका, आधी तिथे पाच मिनिटं पडून राहा. मग बाहेर येऊन ओले कपडे पूर्ण बदला, डोकं पुसा आणि पंधरा मिनिटं बाकावर बसून पाणी प्या. मी पहिल्या हिवाळ्यात घाईने तशीच गाडीकडे गेले. टोपीबाहेर राहिलेली बट गाडीपर्यंत पोचेस्तोवर गोठून काडीसारखी कडक झाली होती. हात लावला तर टक्कन आवाज झाला. नवऱ्याला दाखवायला घरापर्यंत जपून आणली, पण हीटरने वाटेतच वितळली.

टॉवेल आणि मॅटचा वास जात नाही. काय करू?

घरी पोचल्याबरोबर टॉवेल धुवायला टाका. गाडीच्या डिकीत एक रात्र राहिला तर संपलं. धुताना अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालते मी. मॅट पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसायची आणि गुंडाळून न ठेवता खुर्चीच्या पाठीवर वाळत टाकायची. तरीही वास राहिला तर मॅट बदला. स्वस्तातली घेतली असेल तर तो घामाचा नाही, रबराचाच आहे.